वर्दी आपली, हुकूम कुणाचा?

कोकणातल्या खेड्यांत एक दृश्य आता ओळखीचे झाले आहे. पहाटे पोलिसांच्या गाड्यांची रांग सड्यावर येऊन उभी राहते. मागोमाग मोजणी करणारे अधिकारी नाहीतर माती तपासणारी यंत्रे येतात. गावातल्या बायका वाटेत आडव्या होतात. त्यांना ओढून गाडीत कोंबण्याचे काम ज्या शिपायांवर येते, त्यांतल्या कित्येकांची आई किंवा मावशी अशाच एखाद्या वाडीत भात लावते वा मासळी विकते. वेलदूरला हे घडले, माडबनला घडले आणि बारसूलाही घडले. प्रकल्प बदलले, राज्यावरचे पक्ष बदलले. बंदोबस्त मात्र तोच राहिला. म्हणून आज आम्ही एका साध्या प्रश्नाचा विचार करू इच्छितो. हे पोलीस दल कुणी, कशासाठी जन्माला घातले? आणि ज्याच्या अंगावर ही वर्दी आहे तो आमचा शत्रू आहे काय?

पोलीस म्हणजे चोर पकडणारा, दुबळ्याचे रक्षण करणारा, असे शाळेच्या पुस्तकांतून शिकवले जाते. हे सर्वस्वी खोटे नाही. चोरी झाली, लेक बेपत्ता झाली, दंगल पेटली, तर गरीब माणूस पोलीस ठाण्याचीच पायरी चढतो, कारण त्याला दुसरा आधार नसतो. परंतु ही संस्था निर्माण झाली ती या गरजेपोटी नव्हे. इतिहास वेगळे सांगतो, आणि आपल्यापुरतेच नव्हे, तर लोकशाहीचे माहेरघर म्हणून मिरवणाऱ्या अमेरिकेबाबतही तेच सांगतो.

अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्या मळेवाल्यांची शेती काळ्या गुलामांच्या श्रमावर उभी होती. कॅरोलायना वसाहतीने १७०४ साली गुलामांवर गस्त घालणारी पथके कायद्याने उभी केली. पळालेल्या गुलामाला पकडणे, रात्री झोपड्यांची झडती घेणे, परवाना नसलेल्याला वाटेत फटके मारणे हे त्यांचे काम. उत्तरेकडच्या शहरांत कारखाने वाढले, परदेशांतून मजूर लोटले, तेव्हा बोस्टनमध्ये १८३८ साली आणि न्यूयॉर्कमध्ये १८४५ साली पगारी पोलीस दले आली. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींचा प्रकार तर याहून उघडा होता. तेथे १८६५ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना, आणि लगेच पुढे खाणी व लोखंडाच्या कारखान्यांना, स्वतःचे पोलीस नेमण्याची मुभा मिळाली. अधिकारपत्र सरकारचे, पगार कंपनीचा आणि दंडुका संपकरी मजुराच्या डोक्यावर! १८९२ साली होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात संप झाला, तेव्हा मालकांनी पिंकर्टन या खासगी कंपनीची सशस्त्र माणसे बोटींतून आणली. कामगारांनी त्यांना परतवले. मग राज्य सरकारने आपले सैनिक पाठवले आणि मालकांचे काम पुरे केले.

१९०२ च्या मोठ्या खाण संपानंतर पेनसिल्व्हेनियाने १९०५ साली राज्याचे पोलीस दल उभारले. त्यासाठी नमुना घेतला तो आयर्लंडमधल्या ब्रिटिश कॉन्स्टॅब्युलरीचा. आयरिश शेतकऱ्याला इंग्रज जमीनदाराच्या टाचेखाली ठेवण्यासाठी उभारलेले हे हत्यारबंद, बराकीत राहणारे, लोकांपासून तोडलेले दल. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण तोच धागा आपल्या दारापर्यंत येऊन पोचतो.

लंडनमध्ये १८२९ साली रॉबर्ट पील याने उभे केलेले पोलीस दल बिनहत्यारी होते. आपल्या घरच्या नागरिकांसाठी ब्रिटिशांनी तो नमुना ठेवला. गुलाम देशासाठी मात्र आयर्लंडचा नमुना काढला. चार्ल्स नेपियर याने १८४३ साली सिंध घेतल्यावर तेथे त्याच धर्तीचे पोलीस दल उभारले आणि पुढे मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांत तीच पद्धत आली. मद्रास इलाख्यात १८५४ साली छळाची चौकशी करणारा आयोग बसला. शेतसारा वसूल करण्यासाठी रयतेचा सर्रास छळ होतो, हे त्या आयोगाला नमूद करावे लागले. सत्तावनचा उठाव झाला, १८६० साली पोलीस आयोग नेमला गेला आणि १८६१ चा पोलीस कायदा आला. मुंबई इलाख्याचा जिल्हा पोलीस कायदा वेगळा होता. तो १८६७ साली झाला आणि १८९० साली नव्याने लिहिला गेला. गाभा मात्र एकच : पोलिसाने उत्तर द्यायचे ते सरकारला, लोकांना नव्हे.

ब्रिटिशांना आपल्या पोलिसांची योग्यता ठाऊक होती, याचा पुरावा त्यांच्याच कायद्यात आहे. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याने ठरवले. जो राज्यकर्ता आपल्याच शिपायाने आणलेल्या कबुलीवर विश्वास ठेवत नाही, त्याला ती कबुली कशी निघते हे माहीत असते. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगानेही पोलीस दल भ्रष्ट आणि जुलमी असल्याचा निर्वाळा दिला. अहवाल कपाटात गेला. दंडुका रस्त्यावरच राहिला.

गुलामांवरच्या गस्तीचा आपला अवतार पाहायचा असेल तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याकडे पाहावे. जन्मानेच माणसाला चोर ठरवणारा, हजेरी लावणारा, परवान्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकू न देणारा हा कायदा पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला. तो १९५२ साली रद्द झाला. पण विमुक्त म्हटलेल्या या जमातींच्या पालावर संशयाची पहिली धाड आजही पडते. कागदावरचा कायदा एका दिवसात रद्द होतो, ठाण्यातली सवय तशी होत नाही.

आता रत्नागिरीकडे येऊ. या जिल्ह्यात खोती होती. सारा गोळा करणारा खोत, जमिनीवर हक्क सांगणारा खोत आणि पुष्कळ गावांत पोलीस पाटीलही खोतच! कुळाने तक्रार करायची ती ज्याच्याविरुद्ध, त्याच्याचकडे. कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी न कसता जो संप चालवला, तो या दुहेरी सत्तेविरुद्धचा उठाव होता. नारायण नागू पाटील त्या लढ्याचे नेते होते. त्याच लढ्याच्या काळात, १९३७ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर.

पण रत्नागिरीचा पोलीस दलाशी असलेला संबंध एवढ्यावर संपत नाही. सध्याच्या सिंधुदुर्गासह एकच असलेल्या त्या जुन्या जिल्ह्याने मुंबईला दोन गोष्टी भरभरून पुरवल्या : गिरणी कामगार आणि पोलीस शिपाई. नापीक वरकस जमीन, खोताचे देणे आणि चार महिन्यांच्या पावसानंतर रिकामे हात, यांमुळे कोकणी माणूस गलबतातून, पुढे बोटीतून मुंबईला गेला. एक भाऊ परळच्या गिरणीत साच्यावर उभा राहिला, तर दुसरा पोलीस लाइनीत भरती झाला. दोघांची मनिऑर्डर एकाच म्हातारीच्या नावाने येई आणि शिमग्या-गणपतीला दोघे एकाच बोटीने गावी येत. लोकमान्यांना १९०८ च्या जुलैमध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस मुंबई बंद पाडली, तेव्हा बंदुकीच्या एका बाजूला आणि दुसऱ्याही बाजूला कोकणच उभे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसे हुतात्मा झाली, तेव्हाही वेगळे काय होते?

ही गोष्ट आम्ही भावनेपोटी सांगत नाही. ती सांगितल्याशिवाय १९८२ चा अर्थ लागत नाही. त्या वर्षी जानेवारीपासून गिरणी कामगारांचा संप चालू होता. पोलीस शिपायांचीही संघटना होती. कामाचे तास, पगार, घरे आणि वरिष्ठांच्या घरची वेठबिगारी या त्यांच्या तक्रारी होत्या. १८ ऑगस्ट १९८२ रोजी सरकारने संघटनेची मान्यता काढली, नेत्यांना अटक केली आणि मुंबईत उद्रेक झाला. शिपाई रस्त्यावर आले. संपकरी गिरणी कामगारही त्यांत मिसळले. शेवटी लष्कर बोलवावे लागले. एका दिवसापुरते दोघे भाऊ एका बाजूला आले होते! सत्तेने तो दिवस विसरला नाही. शिपायांना बडतर्फ करण्यात आले आणि संघटना मोडली. त्याआधी १९१९ साली बोस्टनमध्ये हेच झाले होते. संघटनेच्या हक्कासाठी पोलिसांनी संप केला आणि अकराशेहून अधिक शिपाई कायमचे घरी गेले. जगातल्या कोणत्याही मालकवर्गाला संपकरी कामगाराची जेवढी भीती वाटते, त्याहून अधिक भीती संप करणाऱ्या पोलिसाची वाटते.

स्वातंत्र्याने काय बदलले? मुंबई राज्याने १९५१ साली नवा पोलीस कायदा केला. आज तो महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो. नाव बदलले, हाड-मांस जुनेच. त्याच्या ३७ व्या कलमाखाली सभा, मोर्चा, जमाव यांवर बंदी घालता येते आणि रत्नागिरीत पंधरवड्यामागून पंधरवडा ती घातली जाते. ५६ व्या कलमाखाली माणसाला त्याच्या जिल्ह्यातून तडीपार करता येते. गुंडांसाठी असलेले हे हत्यार आंदोलकांवर उगारले जाते, हे आमच्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. आणि त्याच कायद्यात अशीही तरतूद आहे की, मागणी करणाऱ्याच्या खर्चाने जादा पोलीस नेमता यावेत. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा कंपन्यांची आठवण होत नाही काय?

ती आठवण गुहागर तालुक्यात प्रत्यक्षात उतरली. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर १९९७ साली लाठ्या चालल्या, सामूहिक अटका झाल्या. जूनच्या ३ तारखेला पहाटे वेलदूरच्या कोळीवाड्यात पोलीस घुसले आणि स्त्रियांना घरांतून ओढून मारहाण करण्यात आली. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ साली या दडपशाहीचे अहवाल प्रसिद्ध केले. प्रकल्पस्थळी ठेवलेल्या राज्य राखीव पोलिसांचा खर्च कंपनी सरकारला देत होती, ही गोष्ट त्यातून जगापुढे आली. एन्रॉन २००१ साली दिवाळखोरीत निघाली. तिचे हिशेब खोटे होते, हे तिच्याच देशातल्या न्यायालयांनी ठरवले. मात्र वेलदूरच्या पाठीवरचे वळ कोणत्या हिशेबात धरायचे, हे कोणत्याही न्यायालयाने ठरवले नाही.

जैतापूरची कथा निराळी नाही. अणुप्रकल्पाला विरोध वाढला, तशा बंदीच्या नोटिसा निघाल्या. निवृत्त न्यायमूर्तींनाही जिल्ह्यात येऊ न देण्यापर्यंत मजल गेली. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे गोळीबार झाला आणि एक तरुण ठार झाला. बारसूला २०२३ च्या एप्रिलमध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती तपासायची म्हणून शेकडो पोलीस सड्यावर उतरले. वाटेत आडव्या झालेल्या बायकांना उचलले गेले आणि तीन दिवसांनी अश्रुधूर व लाठी यांचा प्रयोग झाला. सरकार १९९७ मध्ये एका युतीचे होते, २०११ मध्ये दुसऱ्या आघाडीचे आणि २०२३ मध्ये तिसऱ्याच जोडणीचे. तेव्हा हा दोष एखाद्या पक्षाचा वा मंत्र्याचा मानून सुटका करून घेता येत नाही. दोष रचनेचा आहे.

या रचनेला वेसण घालण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आरोपी पोलिसांना सोडून दिले. चार अध्यापकांनी १९७९ साली त्या निकालाविरुद्ध खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. आणीबाणीचा अनुभव घेऊन सत्तेवर आलेल्या जनता सरकारने १९७७ साली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. त्याने १९८१ पर्यंत आठ अहवाल दिले. ते धूळ खात पडले. अखेर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात राज्यांना आदेश दिले : अधिकाऱ्यांना निश्चित मुदत द्या, तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि प्राधिकरण कागदावर आणले. तरीही २०२४ च्या डिसेंबरमध्ये परभणीत अटक झालेला, कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण कोठडीत मरण पावला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, हे सांगायला त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले. आणि २०२५ च्या जुलैमध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. डाव्या कडवेपणाच्या नावाखाली कोणत्या संघटनेवर हात टाकायचा, हे ठरवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. पोलिसांवर लोकांचा अंकुश आणण्याला पंचेचाळीस वर्षे पुरली नाहीत. लोकांवर नवा अंकुश आणायला मात्र फार वेळ लागला नाही.

मग आमची भूमिका काय असावी? पोलीस दलच नको, असे म्हणणारा एक विचार अमेरिकेत २०२० साली पुढे आला. मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर गोऱ्या पोलिसाने गुडघा रोवून त्याचा जीव घेतला, त्यानंतरच्या संतापातून तो आला. तो संताप आम्ही समजू शकतो. पण ज्या गावात अजूनही दलिताच्या वरातीवर दगड पडतो आणि नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेल्या बाईला रात्री ठाण्याखेरीज दुसरे दार नसते, तेथे पोलीस नको म्हणणे म्हणजे बळवंताच्या हाती मोकळे रान देणे होय. खोताच्या राज्यात पोलीस ठाणे जवळ नव्हते, म्हणून कूळ सुखी नव्हते. आम्हांला पोलीस हवा आहे, पण तो कायद्याला आणि लोकांना बांधलेला हवा.

त्यासाठी काही मागण्या आपण गावोगाव नेल्या पाहिजेत. कोणत्याही कंपनीच्या पैशाने पोलीस नेमण्याची तरतूद रद्द झाली पाहिजे. ३७ व्या कलमाखालची बंदी सबळ लेखी कारणाशिवाय आणि न्यायालयीन तपासणीशिवाय पुनःपुन्हा लादता येऊ नये. तक्रार प्राधिकरणावर निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांपेक्षा नागरिकांचा वरचष्मा हवा. प्रत्येक गोळीबाराची न्यायालयीन चौकशी ठराविक मुदतीत होऊन तिचा अहवाल प्रसिद्ध झाला पाहिजे. आणि याच यादीत, याच जोराने, शिपायाच्या मागण्याही हव्यात : आठ तासांची पाळी, राहण्याजोगे घर, आठवड्याची सुट्टी, साहेबांच्या घरच्या कामातून मुक्तता आणि संघटनेचा हक्क. कारण बारा-चौदा तास उन्हात उभ्या केलेल्या, रजा नाकारलेल्या, वरिष्ठाची शिवी खाल्लेल्या माणसाच्या हाती काठी देऊन त्याच्याकडून संयमाची अपेक्षा करता येत नाही. येथे एक इशाराही द्यायला हवा. अमेरिकेत पोलिसांच्या संघटना पुढे बलाढ्य झाल्या आणि अत्याचारी सहकाऱ्याला पाठीशी घालण्याचे साधन बनल्या. म्हणून हक्क आणि जबाबदारी या दोन्ही मागण्या एकाच श्वासात केल्या पाहिजेत.

शेवटी आमच्याच घरातली एक आठवण. त्रावणकोर-कोचीनमध्ये १९५४ साली प्रजा समाजवादी पक्षाचे सरकार होते. त्या सरकारच्या पोलिसांनी तमिळ भाषिक आंदोलकांवर गोळ्या झाडल्या, माणसे मेली. पक्षाचे सरचिटणीस डॉ. राममनोहर लोहिया त्या वेळी तुरुंगात होते. त्यांनी आपल्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्याचा राजीनामा मागितला. स्वतंत्र देशातल्या सरकारने निःशस्त्र जनतेवर गोळी झाडली, तर त्याने सत्तेवर राहू नये, एवढे सरळ त्यांचे म्हणणे होते. पक्षाने ते मानले नाही. पक्ष फुटीच्या वाटेला लागला आणि लोहियांना बाहेर पडावे लागले. आमच्या चळवळीच्या इतिहासातला हा अवघड प्रसंग आहे, आणि तो झाकण्याजोगा नाही. विरोधात असताना गोळीबाराचा निषेध कोणीही करतो. सत्तेवर आल्यावर आपल्या हुकुमाने सुटलेल्या गोळीचा जाब आपण स्वतःला विचारणार काय, ही खरी कसोटी आहे.

पुढच्या वेळी एखाद्या सड्यावर पोलिसांच्या गाड्या येतील, तेव्हा आमचे कार्यकर्ते तेथे असतील. त्यांनी वाट अडवावी, पण समोरच्या शिपायाला शिवी देऊ नये. त्याला त्याचे गाव विचारावे. त्याच्या ड्यूटीचे तास विचारावेत. गाडीचे डिझेल कुणी भरले, तेही विचारावे. उत्तर तो देणार नाही, कारण त्याला बोलण्याची मुभा नाही. पण बंदोबस्त संपवून तो रात्री लाइनीत परतेल, तेव्हा हे तीन प्रश्न त्याच्याबरोबर गेलेले असतील.